पिस्तूल लपवायला घ्यायचं की दाखवायला?

पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं सरका. पण ज्यांच्या कमरेला सध्या काहीतरी आहे किंवा लवकरच यायचंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि मग शिव्या द्या.

परवा रात्री साडेदहाला एका जुन्या मित्राचा फोन आला. नाव सांगत नाही. सांगितलं नाही तरी गावातले निम्मे लोक ओळखतील, उरलेले निम्मे अंदाज बांधतील आणि तो चुकेल. म्हणाला, "पत्रकार, लायसन्सचं काम होत आलंय. शर्टाखाली दिसणार नाही असं बारकं पिस्तूल कोणतं घ्यावं? दोन-अडीच लाखांपर्यंत जाऊ. तुला ह्यातलं कळतंय."

मी विचारलं, "तुला धोका कुणाकडून आहे?"

तो हसला. "धोका कुणाचा नाही रे. पण आता जागेच्या व्यवहारात बसायचं म्हणजे माणसाकडं काहीतरी पायजे. समोरच्याला कळलं पायजे."

ही दोन वाक्यं एकापुढं एक ठेवून बघा. कुणाला दिसणार नाही असं पिस्तूल पाहिजे, आणि समोरच्याला कळलंही पाहिजे. आमच्या बिडकीनच्या, किंबहुना सगळ्या पैठण रोडच्या पिस्तूल-वेडाचा सगळा गोंधळ या दोन वाक्यांत आहे.

"तुला ह्यातलं कळतंय" असं तो म्हणाला, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः परवान्याचा अर्ज आणला होता. वाळूच्या बातम्या करत होतो. एका रात्री पैठणहून परत येताना ढोरकीनपासून एक बिननंबरची गाडी मागं लागली, ती थेट गावाच्या तोंडापर्यंत. पुढं जात नव्हती, मागं राहत नव्हती. घरी आलो तेव्हा पाण्याचा तांब्या हातात धरवत नव्हता. दुसऱ्या दिवशी तक्रार दिली. बायको म्हणाली, तुम्ही एक तर बातम्या सोडा नाही तर काहीतरी जवळ ठेवा. बातम्या सोडणं शक्य नव्हतं (दुसरं येतं काय आपल्याला), म्हणून अर्ज आणला. भरला पण. फोटो चिकटवले. मग एका निवृत्त फौजदारांनी, जे मला मुलासारखं मानतात, सांगितलं, "अर्ज देण्याआधी एकदा चालवून बघ." त्यांच्या ओळखीने एका रायफल क्लबात गेलो. त्या दिवशी जे कळलं, ते आज त्या मित्राला फोनवर सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतो.

पहिलं म्हणजे आपल्याला मिळतं काय? रीलमध्ये दिसतं ते ग्लॉक आपल्याला मिळत नाही. 9 एमएम हे आपल्याकडं प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाच्या परवान्यावर ते येत नाही. विदेशी पिस्तुलं खासगी माणसाने मागवायची सोय ऐंशीच्या दशकातच बंद झाली. तेव्हाची जी जुनी देशात आहेत ती हातोहात फिरत राहतात आणि त्यांच्या किमती ऐकून ट्रॅक्टर आठवतो. म्हणजे राहिलं काय, तर .32. सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल, नाहीतर .32 रिव्हॉल्वर. 2014 मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं. दिल्लीच्या घटनेनंतर निर्भयाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा, किंमत 1 लाख 22 हजार 360 रुपये. ज्या बाईला रात्री सव्वादहाच्या शेवटच्या बसने कंपनीतून यायचंय तिचा वर्षाचा पगार किती, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मग इछापूरच्या कारखान्याचं .22 चं 'निडर' आलं, अवघं 250 ग्रॅम. 2023 च्या ऑगस्टमध्ये 'प्रबल' आलं, 700 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर, 50 मीटरपर्यंत मारा करतं असं कारखाना सांगतो.

पन्नास मीटर! आता माझं ऐका. क्लबात मला दहा मीटरवर कागद लावून दिला. दहा मीटर म्हणजे आपल्या घराच्या ओट्यापासून समोरच्याच्या ओट्यापर्यंत. उजेड चांगला, कुणी अंगावर येत नाही, मागं फौजदार साहेब शांतपणे सांगतायत. पहिल्या दहा गोळ्यांपैकी चार कागदाला लागल्या. बाकीच्या सहा कुठं गेल्या? तिथं मातीचा बांध होता म्हणून मातीत. बिडकीनच्या बाजारात मागं मातीचा बांध नसतो. तिथं भाजीवाली असते, शाळेतून येणारं पोरगं असतं, पानटपरीवर टेकलेले चार जण असतात.

साहेब म्हणाले, "हत्यार जेवढं बारकं, तेवढं चालवायला अवघड. लोकांना उलटं वाटतं." कारण साधं आहे. नळी आखूड, म्हणून पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर कमी. हात तांदळाएवढा हलला तरी नेम हातभर चुकतो. मूठ लहान, करंगळीला जागाच नाही. हलकं असल्यामुळं झटका पंज्यात बसतो. रिव्हॉल्वर असेल तर चाप जड, ओढता ओढता नळी खाली जाते. म्हणजे शर्टाखाली मावावं म्हणून जे जे लहान केलं, ते ते नेमाच्या मुळावर येतं. मोठं पिस्तूल नेमाला बरं, पण मग ते लपत नाही. दुकानदार हे सांगणार नाही. तो म्हणेल, "दादा, हाताला बघा कसं बसतंय." हाताला तर आरसा पण बसतो.

आता कमरेला लावून बघा. पाऊण किलो लोखंड पोटाच्या बाजूला. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत. घामाने गंजतं म्हणून रोज पुसायचं, तेल द्यायचं. मोटारसायकलवर बसलं की बरगडीत रुततं. पैठण रोडच्या खड्ड्यांतून चितेगावपर्यंत जाऊन या, मग सांगा. लग्नात पंगतीला मांडी घालून बसलं की शर्ट वर सरकतो आणि वाढप्या पोरगं वरणाची बादली घेऊन तिथंच थबकतं. गाडीच्या सीटबेल्टमध्ये हात अडकतो. देवळात जाताना काय करणार? दवाखान्यात? मुतारीत? हसू नका, हे खरे प्रश्न आहेत. जे रोज बाळगतात त्यांना विचारा. त्यातले निम्मे महिन्याभरात ते गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकतात. डॅशबोर्डमधलं पिस्तूल म्हणजे काच फोडणाऱ्या चोराला दिलेला अहेर.

आणि समजा कमरेलाच आहे. वेळ आली तर? अमेरिकेत डेनिस टुलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने 1983 मध्ये एक गोष्ट घड्याळ लावून दाखवली होती. चाकू घेतलेला माणूस 21 फुटांवरून, म्हणजे जेमतेम सात पावलांवरून, दीड सेकंदात अंगावर येतो. साधारण तेवढ्याच वेळात शिकलेला पोलीस उघड्या कव्हरमधलं पिस्तूल काढून गोळी झाडू शकतो. तो शिकलेला, पिस्तूल उघडं. आपल्याला शर्ट वर करायचाय, बटण सोडायचंय, खटका काढायचाय, आणि त्याआधी हे ठरवायचंय की समोरचा खरंच मारणार आहे की नुसता ओरडतोय.

बाबा सिद्दिकींचं आठवा. 12 ऑक्टोबर 2024, दसऱ्याची रात्र, वांद्रे पूर्वेला मुलाच्या ऑफिसबाहेर. माजी मंत्री. सोबत पोलीस शिपाई होता. फटाके वाजत होते. गोळ्या आल्या आणि माणूस गेला. शिपायाला नंतर निलंबित केलं. तो शिपाई वाईट होता असं मला म्हणायचं नाही. मारायला आलेला माणूस तयारीनं येतो, वेळ तो ठरवतो, जागा तो ठरवतो. तुमचं पिस्तूल तुमच्या वेळेवर चालतं, त्याच्या नाही.

मग परवान्याच्या आणि कमरेच्या हत्यारांनी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात केलं तरी काय? जे गाजलं ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून पडलं, गोळी सुटली, गुडघ्याखाली लागली. जीव वाचला, चांगलं झालं. सोशल मीडियावर लोकांनी विनोद केले. मला हसू आलं नाही. मला माझं कपाट आठवलं, आणि त्या कपाटात चेंडू शोधायला हात घालणारं माझं पोरगं आठवलं. भरलेलं हत्यार पडलं तर सुटतं का, ही कुठल्याही पिस्तुलाची पहिली परीक्षा असायला पाहिजे. आपल्याकडं पहिली परीक्षा असते, फोटोत कसं दिसतं.

त्याच वर्षी 2 फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, तेव्हाचे भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे सेनेच्या महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा. अख्ख्या राज्याने ते सीसीटीव्हीत बघितलं. महेश गायकवाड वाचले. सहा दिवसांनी, 8 फेब्रुवारीला, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना बोरिवलीत फेसबुक लाइव्ह चालू असताना मॉरिस नोरोन्हाने गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला संपवलं. ते हत्यार त्याचं नव्हतंच. त्याच्या खासगी अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा. आणि जुलै 2024 मध्ये मनोरमा खेडकर यांचा मुळशीतला व्हिडिओ बाहेर आला. शेतकऱ्यासमोर पिस्तूल धरून जमिनीची भांडणं. गुन्हा दाखल झाला, 18 जुलैला अटक झाली. पुढचं कोर्ट बघेल.

कल्याण आणि मुळशी या दोन प्रकरणांत भांडण कशाचं होतं? जमिनीचं. आता नजर इकडं फिरवा. बिडकीनला काय चाललंय? निलजगाव, बंगला तांडा, आजूबाजूची गावं, हजारो एकर जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. एकरी 23 लाखांच्या दराने पैसा आला. मोठ्या कंपन्यांची नावं रोज कानावर येतात, एथर, टोयोटा, जेएसडब्ल्यू. आता उरलेल्या जमिनीचे भाव, प्लॉटिंग, रस्त्याकडेचे गाळे, मुरूम, पाण्याचे टँकर, कामगार पुरवठ्याचे ठेके. भाऊ-भाऊ कोर्टात. चुलता-पुतण्या मोजणीला समोरासमोर. बहिणी हक्कसोड पत्रावर सही करायला तयार नाहीत, आणि का व्हाव्यात? अशा गावात, अशा वेळी, व्यवहाराच्या टेबलावर "समोरच्याला कळलं पायजे" म्हणून कमरेला पिस्तूल लावून बसणारा माणूस स्वतःचं रक्षण करत नाही. तो सौदा करतोय. फरक समजून घ्या. ज्याच्या सातबाऱ्यावर सही पाहिजे, त्याच्या डोळ्यासमोर शर्ट जरा वर सरकवला की बोलायची गरजच पडत नाही. गुन्हा कशाचा नोंदवणार? त्याने तर हातही लावला नाही. फक्त खुर्चीत नीट बसला.

आणि कायदा याच्या नेमकं उलटं सांगतो. अमेरिकेत बंदूक लपवून बाळगायची की उघडी, यावर राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर हत्यार बाळगणं हा हक्कच मानला. आपल्याकडं तसा हक्क नाही. इथं परवाना ही सवलत आहे आणि तिच्या अटी आहेत. शस्त्र नियम 2016 मधला नियम 32 काढून वाचा. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात. परजायचं नाही, दाखवायचं नाही, उडवायचं तर नाहीच. 2019 च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं. एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली. म्हणजे कायदा म्हणतो लपव. आमची पोरं म्हणतात टॅग कर.

हे सगळं कुठं जातं ते आपण शेजारी बघितलंय. गोदावरी ओलांडली की बीड. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेऊन मारहाण करून मारलं. त्यांना गोळी घातली नव्हती. पण त्या खुनानंतर जिल्ह्याची जी झाकलेली बाजू उघडी पडली, तीत पिस्तुलं होती. कमरेला लावलेले फोटो, हवेत उडवतानाचे व्हिडिओ. परळीतल्या एका व्हिडिओवरून गुन्हाही दाखल झाला. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचा आकडा पुढं आला. मग प्रशासनाने फेरतपासणी काढली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द केले. मला एक विचारायचंय. सरपंचाचा जीव गेल्यावर जे परवाने रद्द करण्यासारखे निघाले, ते आदल्या दिवशी पण रद्द करण्यासारखेच होते ना? ते दिले कुणी? शिफारशीची पत्रं कुणाच्या लेटरहेडवर होती? पुण्यात तर 2025 मध्ये पोलिसांनी नाकारलेला परवाना मंत्रालयातल्या अपिलात मंजूर झाल्याचं प्रकरण गाजलं. खालचा अधिकारी नाही म्हणाला तरी वर दार असतं, हे आता गल्लीतल्या पोरालाही कळलंय.

परवाना नसलेल्या पोराला सातपुड्याच्या पलीकडचं उमर्टी माहीत असतं. गावठी कट्टा. तो पोरगा तो कट्टा का घेतो? सुपारी घ्यायला नाही, बहुतेक वेळा रील करायला. कारण त्याने ज्याला 'भाऊ' मानलंय त्याच्या स्टोरीत परवान्याचं पिस्तूल बघितलेलं असतं. भाऊचं कायदेशीर आहे, म्हणून भाऊ वाचतो. पोराचं बेकायदा आहे, म्हणून पोरगं हर्सूल जेलमध्ये जातं, आणि त्याची आई माझ्याकडं येते, "दादा, पेपरात नाव नका छापू." छापत नाही मी. पण भाऊचं नाव पण छापत नाही, हे माझं पाप.

इथं माझंच एक सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये काढेलच. तीन वर्षांपूर्वी एका वाढदिवसाची पानभर जाहिरात आमच्या साप्ताहिकात मी लावली. फोटोत साहेबांच्या कमरेला कव्हर स्पष्ट दिसत होतं. डीटीपीवाल्या पोराने विचारलं होतं, "सर, हे क्रॉप करू का?" मी म्हणालो, "राहू दे, त्यांना आवडतं." पैसे मिळाले. वीजबिल भरलं. ज्या दिवशी फोटो छापला त्या दिवशी गावातल्या वीस पोरांना मी सांगितलं की हे मिरवायचं असतं. आपला जिल्हा मिरवण्याचाच आहे म्हणा. 2010 मध्ये एका दमात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या शहरातल्या लोकांनी, देशभर बातमी झाली. गाडी मिरवा हो. गाडीखाली कुणी आलं तर निदान अपघात म्हणता येतं.

आता काही जण म्हणतील, पत्रकार, तुला शहरात बसून बोलायला काय जातं (मी बिडकीनमध्येच बसलोय, पण असं म्हणतात), वस्तीवर राहणाऱ्याने काय करायचं? बरोबर आहे. शेतवस्तीवर, गावापासून दोन किलोमीटर, रात्री दरोडा पडला तर पोलिसांची गाडी येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. सराफाचं दुकान बंद करून माल घेऊन जाणारा माणूस आहे. ज्याच्यावर खरंच आधी हल्ला झालाय असा माणूस आहे. त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्यांना परवाना मिळावा, लवकर मिळावा. पण वस्तीच्या रक्षणाला बारा बोअरची लांब बंदूक असते. ती चोराला लांबून दिसते, घरात भिंतीला कुलपात राहते, आणि ती घेऊन कुणी रजिस्ट्री ऑफिसला जात नाही. शर्टाखाली बसणारं पिस्तूल वस्तीसाठी मागतच नाही कुणी. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी ते मागितलं, त्यातला एकही वस्तीवर राहत नाही.

आणखी एक गंमत. तुमच्या जिवाला धोका म्हणून परवाना. राजकारणातल्या माणसाला धोका सगळ्यात जास्त कधी? निवडणुकीत. आणि आचारसंहिता लागली की बहुतेकांची हत्यारं कुठं असतात? पोलीस ठाण्यात जमा, पावती खिशात. लोकसभेला जमा, विधानसभेला जमा. त्या दोन-अडीच महिन्यांत बिनपिस्तुलाचे हे सगळे लोक गावोगाव फिरले, सभा केल्या, रात्री उशिरा परत आले. निवडणूक झाल्यावर ठाण्यात हत्यार परत घ्यायला रांगेत उभे होते, धडधाकट.

गोळी झाडल्यानंतरचं पण कुणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, कलम 34 पासून पुढं. जिवावर बेतलं तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो, पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर हक्क तिथंच संपतो. आणि ती गरज किती होती हे ठरणार कोर्टात, काही वर्षांनी. तोवर हत्यार जप्त, तुम्ही आरोपी, तारखा चालू. एकरी 23 लाख वकिलाकडं किती एकर जातात ते मोजा.

हे सगळं मी मित्राला फोनवर सांगितलं. इतकं नीट नाही, मध्ये मध्ये भांडत. तो म्हणाला, "मग तू का नाही घेतलं?" मी खरं सांगितलं. क्लबातून घरी आलो त्या रात्री अर्ज टेबलावर होता. पोरगं तेव्हा सहा वर्षांचं. पाणी प्यायला उठलं, टेबलाजवळ आलं, फोटो बघून म्हणालं, "पप्पा, ह्याच्यात तुम्ही असे का बघायलेत?" फोटोत मी डोळे वटारून बसलो होतो. परवान्याच्या फोटोसाठी कुणी डोळे वटारायला सांगत नाही. मी आपोआप बसलो होतो तसा. अर्ज फाडला वगैरे काही नाही, तेवढं नाट्य माझ्यात नाही. तो अजून फाइलीत आहे. दिला नाही एवढंच. त्या बिननंबरच्या गाडीचं म्हणाल तर मी रात्रीचा एकटा यायचं बंद केलं, निघताना तीन जणांना फोन करायला लागलो, आणि पुढच्या वाळूच्या बातम्या आणखी दोन पत्रकारांबरोबर मिळून एकाच दिवशी लावल्या. भीती गेली नाही. पण गाडी परत आली नाही.

मित्र थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग काय, पैसे टोकन दिलेत राव." बघू.

आता मागणं. जिल्हाधिकारी साहेबांकडं आहे, कारण ग्रामीण भागाचे परवाने त्यांच्या सहीने निघतात. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीत किती परवाने आहेत, त्यातले पिस्तूल-रिव्हॉल्वर किती, गेल्या पाच वर्षांत नवे किती दिले, किती नाकारले, किती रद्द केले, एवढे आकडे जाहीर करा. नावं नकोत, ज्याला खरंच धोका आहे त्याचं नाव बाहेर येऊ नये. आकडे द्या. ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत त्यांच्या परवान्यांची तपासणी आत्ता करा, कुणाचा तरी सरपंच जायची वाट बघू नका. आणि पोलिसांना विनंती, नियम 32 मोडल्याचा पुरावा लोक स्वतःहून टाकतायत, लोकेशनसकट. बीडमध्ये व्हिडिओवरून गुन्हा दाखल होऊ शकतो तर इथं का नाही?

आमच्या साप्ताहिकापुरतं सांगतो. या अंकापासून कमरेला हत्यार दिसणारा एकही फोटो, जाहिरात असो की बातमी, लागणार नाही. दोन जाहिराती जातील, कोणत्या ते मला माहीत आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहून झालाय. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलंय. सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात देतो, पोच घेतली की तिचा फोटो इथंच टाकतो. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. ज्यांना आपापल्या ठाण्याच्या हद्दीचा अर्ज द्यायचाय त्यांनी मेसेज करा, मजकूर पाठवतो.